वाचक विचारतात : शाखा ओस का पडते?

प्रश्न : आमच्या शहरात मुख्य वाचनालय आणि दोन शाखा आहेत. शाखांच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागा पुरत नाही, पण घरी पुस्तक नेणारे घटत चाललेत. शाखांमधली देवघेव बंद करावी का?
(कार्यकारिणी सदस्य, परभणी जिल्हा)

उत्तर : मुळीच करू नका. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा, 1955 सालीच, इथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. महाराष्ट्राचा 1967 चा. वाचनालय सगळ्या गावाचं, हे इथे जुनंच आहे.

लहान शाखेत तीच पुस्तकं वर्षानुवर्षं राहिली की नेमाने येणारा सभासद ती संपवतो आणि यायचा थांबतो. खरेदीला पैसे नसतील तर आहेत ती पुस्तकं फिरवा. साठ पुस्तकांची एक पेटी : वीस मुलांची, वीस कथा-कादंबऱ्या, बाकी शेती, आरोग्य, चरित्रं. तीन ठिकाणी तीन पेट्या, दर दोन महिन्यांनी अदलाबदल. सहा महिन्यांत प्रत्येक ठिकाणी 180 पुस्तकं येऊन जातात.

घोळ होतो तो नोंदीत. दाखल क्रमांक एकच, मुख्य वाचनालयाच्या नोंदवहीतला. शाखेने नवा क्रमांक टाकला की मोजणीत तेच पुस्तक एकीकडे जास्तीचं आणि दुसरीकडे हरवलेलं दिसतं. पेटीबरोबर यादीच्या दोन प्रती द्या, एक सही होऊन परत यावी. वाचकाकडे असलेल्या पुस्तकावर यादीत खूण करा, ते मागून पाठवा. त्याच्यासाठी पेटी अडवू नका.

देवघेवीचं टेबल अभ्यासिकेत असेल तर आधी ते हलवा. तिथे कुजबुजलं तरी माना वळतात. पोराला घेऊन आलेली आई अवघडते आणि पुन्हा येत नाही. टेबल दाराशी किंवा व्हरांड्यात ठेवा, मुलांच्या पुस्तकांचं कपाट त्याच्या शेजारी, त्यांच्या हाताला येईल एवढ्याच उंचीचं. एप्रिल-मेमध्ये देवघेव सकाळी सात ते दहा आणि सायंकाळी साडेपाचनंतर ठेवा. दुपारच्या उन्हात कोण येणार?

प्रश्न : छत गळून पुस्तकं भिजली. उन्हात वाळवावीत का?
(ग्रंथपाल, बीड जिल्हा)

उत्तर : नको. उन्हाने कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो. दर पंधरा-वीस पानांमागे टिपकागद घाला, सावलीत पंख्याखाली ठेवा, कागद ओला झाला की बदला. गुळगुळीत कागदाची पुस्तकं पहिल्यांदा हाती घ्या, त्यांची पानं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, म्हणजे ओल पुस्तकांपर्यंत येणार नाही आणि वाळवीची माती वेळीच दिसेल.