बॉस्टनला एमएससाठी जातोय. ऑलस्टनमध्ये एकाच भाड्यात दोन घरं मिळतायत, एक हार्डवूडचं, एक कार्पेटचं. बघणं फक्त व्हिडिओ कॉलवर. कुठलं घेऊ?

हार्डवूडचं घ्या. ऑलस्टनमध्येच तसल्या घरात मी दोन वर्षं काढलीत, तिसरा मजला, चौघंजण. कार्पेटमध्ये एकदा फोडणीचा वास बसला की लीज संपेपर्यंत उठत नाही. लाकडाचं तसं नाही, झाडू मारला की झालं.

मात्र ते खरंच लाकूड आहे का बघा. जाहिरातीत विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्यांनाही सर्रास हार्डवूड म्हणतात. घर दाखवणाऱ्याला फोन जमिनीजवळ न्यायला सांगा. तीच गाठ, तीच वळणं चार फळ्या सोडून पुन्हा दिसली तर माल छापील. छापील म्हणून घर वाईट नाही, उलट पाणी सांडलं तरी निभावतं. खऱ्या ओकच्या फळ्या हिवाळ्यात घर गरम करणारे रेडिएटर सुरू झाले की आकसतात आणि मध्ये फटी पडतात. उन्हाळ्यात त्या आपोआप मिटतात, तेव्हा त्यावरून मालकाला मेल करू नका (मी केला होता).

आता माझी चूक सांगतो. खिडकीशी कढीपत्त्याची कुंडी ठेवली होती, लोखंडी स्टँडवर. पाणी जरा जास्त व्हायचं, खाली झिरपायचं. घर सोडताना स्टँड उचलला तर फळ्यांवर तीन काळेशार ठिपके, आणि पुसून जाईनात. ओकमध्ये टॅनिन असतं, त्याला लोखंड आणि पाणी मिळालं की काळा रंग धरतो. आपल्याकडे हिरडा आणि लोखंडाची शाई करायचे, तसलाच प्रकार. मालकाने मात्र त्या तीन ठिपक्यांसाठी अख्ख्या हॉलचं पॉलिश माझ्या नावावर लावलं, त्यात दाराजवळचे जुने ओरखडेही आले.

मला वाचवलं ते पहिल्या आठवड्यात काढलेल्या फोटोंनी. बॉस्टन ज्या राज्यात येतं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये डिपॉझिट घेणाऱ्या मालकाला घराच्या स्थितीचा लेखी कागद द्यावा लागतो, आणि त्यात नोंदवायच्या राहून गेलेल्या गोष्टी लिहून तो परत करायला तुम्हाला १५ दिवस असतात. रूममेट म्हणत होते, कशाला एवढी चिकित्सा. मी प्रत्येक ओरखडा लिहिला, शेजारी नाणं ठेवून फोटो काढले. शेवटी ठिपक्यांचे पैसे गेले, बाकीचे परत आले. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत ते परत करायचं किंवा काय कापलं त्याची यादी द्यायची, हेही लक्षात असू द्या. वापराने होणारी साधी झीज त्यात धरत नाहीत.

लादी पुसायची आपली सवय तेवढी सोडा. बादलीभर पाणी फिरवलंत तर ते फटींत जाऊन फळ्यांच्या कडा वर येतात. फडका घट्ट पिळून, नुसता ओलसर. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे गोल तुकडे चिकटवा, दुकानात स्वस्तात मिळतात.

आवाज हा खरा त्रास. जुन्या लाकडी इमारतींत वरच्याच्या टाचा ऐकू येतात, आणि खालच्याला तुमचा मिक्सर. आम्ही सकाळी सातला चटणी वाटायचो. खालच्या पीएचडीवाल्याने दारावर अगदी सभ्य चिठ्ठी लावली. मग मिक्सरखाली जुना टॉवेल आणि वेळ नऊनंतरची. लीजमध्ये जमिनीचा अमुक भाग गालिच्याने झाकायची अट असू शकते, सही करण्याआधी वाचा. घरून सतरंजी आणलीत तर जानेवारीत पायही दुवा देतील.

ब्रोकरची फी कोणी मागितली तर विचारा, तुला नेमलं कोणी? १ ऑगस्ट २०२५ पासून ज्याने नेमलं त्याने द्यायची.

बहुतेक लीज १ सप्टेंबरला बदलतात. त्या दिवशी फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलं यांचा ढीग असतो, त्याला तिथे ‘ऑलस्टन ख्रिसमस’ म्हणतात. टेबल खुशाल उचला. गादी आणि सोफा फुकट दिला तरी नको, ढेकूण येतात, आणि ते लाकडाच्या फटींतही राहतात. सामानाचा ट्रक घेणार असाल तर स्टॉरो ड्राइव्ह या रस्त्यावर घालू नका. तिथले पूल बुटके आहेत, दरवर्षी कोणीतरी ट्रकचं छत सोलून घेतंच.