सकाळी पेटवलेला कोळसा दुपारीच का संपतो?

प्रश्न: ताई, आमचं गोराईला जुनं घर आहे, मागे थोडी वाडी आहे. मागच्या वर्षी 200 लिटरचा लोखंडी ड्रम कापून स्मोकर करून घेतला, मंद आचेवर धुरात मांस शिजवायला. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी चार किलोचं पोर्क शोल्डर बाटली मसाला चोळून सकाळी सातला लावलं. वखारीतून लोणारी कोळशाची दहा किलोची गोणी आणलेली. पहिल्या दोन तासात ड्रमच्या थर्मामीटरचा काटा 160 अंशांवर, मग एकदम 90, मग परत वर. दुपारी दोनपर्यंत आठ किलो कोळसा खलास आणि मांसाच्या आतलं टेंपरेचर 68 ला जे अडकलं ते हलेचना. मी आपला कोळसा घालतोय घालतोय. शेवटी तुकडे करून कुकरला लावलं, आई म्हणाली हे सकाळीच करायचं होतंस. आता करवंटीचे ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या, घ्यावेत असं एकजण म्हणतोय. घेऊ का?

उत्तर: घ्या, पण त्याआधी आईंना सांगा की चूक सगळी कोळशाची नव्हती. तुमच्याकडे दोन वेगळ्या भानगडी एकाच दिवशी झाल्या आणि तुम्ही दोन्हीचं खापर त्या गोणीवर फोडलंत.

आधी ते 68. मोठा तुकडा मंद आचेवर ठेवला की साधारण 65 ते 75 अंशांच्या मध्ये कुठेतरी तो अडतोच, कोळसा कितीही भारी आणा. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना उष्णता घेऊन जाते, म्हणजे आपला माठ पाझरतो म्हणून आतलं पाणी गार राहतं ना, अगदी तेच. आत जेवढी धग जातेय तेवढीच बाहेर निघून जातेय, काटा हलणार कसा! हे दोन तास चालतं, कधी चार तास. तुम्हाला वाटलं जाळ कमी पडतोय, म्हणून झाकण उघडून कोळसा घातलात, झाकण उघडलं की आतली उष्णता गेली आणि कोळशाला मात्र भरपूर हवा मिळाली, तो भडकला, अर्ध्या तासात जळून गेला, मग परत झाकण उघडा. आठ किलोतले निदान दोन-तीन किलो तर या उघड-झाकीतच गेले असणार. पुढच्या वेळी 68-70 ला अडकलं की शांतपणे बसून राहा, नाहीतर वर छान रंग आला असेल तर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, वाफ कोंडली की काटा चालायला लागतो. आत केळीचं पान घालून वर फॉइल केलं तर वास फार सुंदर येतो. शोल्डर 93-95 ला गेलं, सळई लोण्यात घुसल्यासारखी घुसली, की काढायचं. त्याच्या आधी काढलं तर शिजलेलं असेल पण चिवट लागेल.

आता कोळसा. लोणारी कोळसा वाईट असतो असं मी म्हणणार नाही, अर्ध्या तासात कबाब किंवा पापलेट भाजायला मी तोच वापरते, पटकन पेटतो, धग जोरदार, राख कमी. पण आठ-दहा तासांच्या कामाला त्याची अडचण म्हणजे एका गोणीत हाताएवढं लाकूडही असतं आणि तळाशी नुसती कणी असते. मोठ्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात, हवा सुसाट येते, काटा 160. मग कणी खाली पडून जाळी बुजते, हवा बंद, काटा 90. तुमच्या पहिल्या दोन तासांचा हिशेब हाच आहे. लांबच्या कामाला कोळशाचा एकसारखेपणा बघायचा, बाकीचं सगळं त्याच्या नंतर. लोणारीच वापरायचा असेल तर आदल्या दिवशी गोणी अंगणात ओता, लिंबाएवढे ते मुठीएवढे तुकडे वेगळे काढा, मोठे फोडा, कणी बाजूला ठेवा (शेगडीला चालते). दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत वाजायला हवेत. मंद, लाकडासारखा आवाज आला किंवा मोडल्यावर आत तपकिरी दिसलं तर तो कच्चा कोळसा, लाकूड नीट जळलेलंच नाही, तो पांढरा बोचरा धूर सोडणार आणि मांस कडवट होणार.

ब्रिकेटचा फायदा इथेच आहे, सगळे एका मापाचे. ही गोष्ट अमेरिकेत लोकप्रिय करण्यात हेन्री फोर्डचा हात आहे हे सांगितलं तर आमच्या घरी कोणी विश्वास ठेवत नाही, 1920 च्या दशकात त्याच्या मॉडेल टी गाड्यांच्या कारखान्यातून उरणाऱ्या लाकडाचा कोळसा करून ब्रिकेट पाडायचे. असो. आपल्याकडे करवंटीचे मिळतात आणि ते मला जास्त आवडतात, कारण करवंटीचा कोळसा मुळातच घट्ट, हळू जळतो, त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. पेटायला मात्र आळशी, चिमणीत (कोळसा पेटवायचा पत्र्याचा उभा डबा) घालून चांगली वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात. घेताना दोन गोष्टी बघा. हुक्क्यासाठी काडी लावली की लगेच पेटणाऱ्या ज्या वड्या येतात त्या अजिबात नकोत, त्यात पेटायचं केमिकल असतं. आणि पूर्ण पोतं घेण्याआधी एक ब्रिकेट शेगडीत एकटा जाळून बघा. थोडी हलकी राख उरली तर ठीक, ब्रिकेटच्याच आकाराचं मातीचं ढेकूळ उरलं तर वजन वाढवायला काहीतरी भरलंय. मी एकदा हे न करता स्वस्तात पोतं आणलं होतं, चौथ्या तासाला राखेने खालची भोकं बुजली आणि मी चिमटा घेऊन ड्रमखाली आडवी पडले होते.

आता लावायचं कसं, कारण चांगला कोळसा सगळा एकदम पेटवलात तरी तो दुपारीच संपणार. ड्रमच्या तळाच्या कोळशाच्या टोपलीत साधारण पाच किलो ब्रिकेट न पेटवता भरा, मधे खळगा करा, चिमणीत फक्त बारा-पंधरा पेटवून घ्या आणि त्या खळग्यात ओता. निखारे आजूबाजूचे हळूहळू पकडत जातात. अमेरिकेत जिम मिनियन नावाच्या एका माणसाच्या नावाने ही पद्धत ओळखतात, आपण तिला मच्छरची कॉइल म्हणू, एका टोकाकडून दुसरीकडे. आणि इथे कोळशाची निवड परत आडवी येते बघा, न पेटलेला कोळसा दिवसभर मांसाखाली पेटत राहणार, तो कच्चा असेल किंवा त्यात केमिकल असेल तर दिवसभर तोच धूर मांसाला. ड्रमचा काटा 95-100 ला आला की खालची हवा कमी करायला घ्या, 120 झाल्यावर नको, कारण ड्रम एकदा तापला की उतरायला तास घेतो. वरचं धुराडं मात्र पूर्ण उघडं. 110 ते 120 च्या मध्ये राहिलं की पुरे, पाच-सात अंशांसाठी धावपळ करू नका. माझा ड्रम वसईला मामेबहिणीच्या वाडीत असतो, त्यात एवढ्या कोळशावर आठ-नऊ तास आरामात जातात. वासाला आंब्याच्या किंवा पेरूच्या सुक्या लाकडाचे तीन-चार तुकडे त्या कोळशातच पुरून ठेवा. भिजवू नका, उगाच वाफ. पॅकिंगच्या खोक्याची, रंग दिलेली किंवा प्लायची लाकडं चुकूनही नकोत.

प्रश्न: पावसाळ्यात गॅलरीत ठेवलेली कोळशाची गोणी आता पेटतच नाही, पेटली तर तडतड ठिणग्या उडतात. टाकून देऊ?

उत्तर: नका टाकू. कोळसा म्हणजे बारीक भोकांचा स्पंज, मुंबईच्या जुलै-ऑगस्टच्या हवेतलंच पाणी ओढतो, पाऊस थेट लागायलाही नको. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर दोन-तीन दिवस पसरा, मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात भरा. ब्रिकेट असतील आणि फुगून हातात चुरा होत असतील तर मात्र त्यांचं काही होत नाही.

प्रश्न: कांदिवलीला सातव्या मजल्यावर राहतो, बाल्कनीला काचा आहेत. छोटा स्मोकर चालेल का? शेजारचे काका म्हणतात कोर्टाने कोळशावरच बंदी आणलीये.

उत्तर: काकांनी अर्धीच बातमी वाचली. 2025 च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या वगैरेंना सहा महिन्यात गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, ते धंद्यांबद्दल होतं. पण तुम्हाला माझं उत्तर तरीही नाहीच. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, काचा लावलेल्या बाल्कनीतून तो सरळ घरात येतो आणि खिडकी थोडी उघडी आहे म्हणून काही वाचत नाही. धूर दिसेनासा झाला, नुसते निखारे राहिले, तरी तो निघतच असतो. वाडी असलेला मित्र शोधा, गोराईचे वरचे वाचक बहुतेक पुढच्या वेळी जास्तच मांस लावतील.

प्रश्न: उरलेला कोळसा परत वापरता येतो का?

उत्तर: येतो. काम झालं की खालची-वरची सगळी हवा बंद करा, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी राख झटकून नव्या कोळशात मिसळा. त्याच रात्री घाईने प्लास्टिकच्या बादलीत काढू नका. वरून काळा दिसतो, आत निखारा असतो, आमच्याकडे एक निळी बादली गेली अशी.