वर्गातल्या दोन्ही गटांत मैत्रिणी आहेत. 'तू नक्की कोणाकडून?' याला काय उत्तर देऊ?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तू सातवीत आहेस, वर्गात मुलींचे दोन गट पडलेत. एका गटात बालवाडीपासूनची मैत्रीण, दुसऱ्यात ट्यूशनची. दोन्ही गटांची कट्टी आहे आणि दोघी तुला रोज विचारतात, तू नक्की कोणाकडून? त्यात नळदुर्गची सहल आलीय आणि बसमध्ये कोणाशेजारी बसायचं या विचाराने तुला झोप येत नाही. आईच्या फोनवरून लिहिलंयस म्हणजे आईला माहीत असणार. ते फार बरं झालं.

मीही सोलापूरचीच, मला मावशी म्हणालीस तरी चालेल. मी सातवीत होते १९९३ साली. तेव्हा चौथीपर्यंत जो तो घराजवळच्या शाळेत जायचा आणि पाचवीला सगळी मुलं मोठ्या शाळेत एकत्र यायची. आमच्या वर्गातले गट त्यातूनच पडले. पेठेतल्या एकाच प्राथमिक शाळेतून आलेल्या पाच-सहा जणी एकीकडे. दुसरीकडे पूर्व भागातून एका रिक्षात कोंबून येणाऱ्या मुली, त्यांच्या घरी तेलुगू बोलायचे. आम्ही त्यांना 'रिक्षातल्या' म्हणायचो. वाईट अर्थ नव्हता त्यात, निदान सुरुवातीला तरी.

मी होते मधली. घरी मराठी, पण वडील टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचे आणि आम्ही राहायचो पूर्व भागातल्या चाळीत. दिवसभर मागांची खटखट आणि शेजारच्या अम्माचं तेलुगू कानावर. बोलता फारसं यायचं नाही, पण कळायचं सगळं. डबा पेठेतल्या मुलींबरोबर खायचा, घरी जायचं रिक्षातल्यांबरोबर. दोन वर्षं छान चाललं.

मग गणपतीच्या मिरवणुकीसाठी मुलींचं लेझीम बसवायला घेतलं. सोलापुरात लेझीम म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पेठेतल्या एकीचे हात सारखे चुकायचे, म्हणून सरांनी तिला मागच्या ओळीत पाठवलं आणि तिच्या जागी रिक्षातली एक पुढे आली. एवढ्यावरून कट्टी! आणि एके दिवशी सरावात ती मागे गेलेली मुलगी उलटी गिरकी घेऊन थेट मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सगळ्या हसल्या. रिक्षातली एक हसत हसत म्हणाली, "पिच्ची पिल्ल!"

सुट्टी झाल्या झाल्या नळाजवळ पाच जणींनी मला गाठलं. "काय बोलली गं ती? तुला येतंय की त्यांचं. सांग की!"

मी सांगितलं, "वेडी म्हणाली."

शब्दाला शब्द लावला तर बरोबरच होतं. 'पिच्ची' म्हणजे वेडी, 'पिल्ल' म्हणजे मुलगी. पण चाळीतली अम्मा मला दिवसातून चार वेळा पिच्ची पिल्ल म्हणायची आणि वर हातावर लाडू ठेवायची. आपण 'वेडाबाई' म्हणतो ना, तसंच ते. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी ते सांगितलं नाही, कारण पाच जणी एकदम माझ्याकडे बघत होत्या, माझ्या तोंडून काय येतंय याची वाट बघत होत्या, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षातल्या एकीच्या दप्तरात शाई ओतलेली निघाली. गणिताची वही, भूगोलाचं पुस्तक, सगळं निळं. आणि शाई कोणी ओतली हे राहिलं बाजूला, 'वेडी म्हणाल्याचं कोणी सांगितलं' याचाच शोध सुरू झाला. तो माझ्यापर्यंत यायला दोन तास पुरले. मग मी दोन्हीकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. दोन्हीकडच्या मुलींनी मला टाकलं. पंधरा-वीस दिवस मी जिन्याच्या पायरीवर एकटी डबा खायचे. शेंगाची चटणी आणि भाकरी, तोंडात घास फिरायचा नुसता.

तुला वाटेल, पुढे काहीतरी मोठं घडलं आणि सगळ्या एक झाल्या. मोठं घडलं, पण तसं नाही. २९ सप्टेंबरला विसर्जन झालं आणि ३०च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरही हादरलं. पुढचे काही दिवस आमच्या भागातले लोक भीतीने बाहेरच झोपायचे, मैदानात सतरंज्या टाकून. पेठेतल्या दोघी तिथे मामाकडे आल्या होत्या, रिक्षातल्या तर तिथल्याच. दहा हातांवर दोन्ही गट. आया एकमेकींना चहा देत होत्या, आणि या पोरी एकमेकींकडे पाठ करून झोपलेल्या! भूकंपाने नाही सुटली ती कट्टी. सुटली आठवीत, तुकड्या बदलल्या तेव्हा. तीसुद्धा कोणी सोडवली नाही, नवीन वर्गात नवीन भांडणं निघाली आणि जुनं मागे पडलं. तुमच्याही शाळेत तुकड्या बदलत असतील तर हे लक्षात ठेव. आज जे जन्माचं वाटतंय, ते कदाचित जूनपर्यंतचंच असेल.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: दोन गटांत मैत्रिणी असण्याने कोणी अडकत नाही, इकडचं तिकडे नेण्याने अडकतं. मी दोन वर्षं दोघींची होते तेव्हा कोणाला काही खुपलं नाही. एक शब्द उचलून पलीकडे नेला आणि संपलं. तुझ्या वेळेला शब्द न्यायलाही लागत नाही, स्क्रीनशॉट पुरतो. आईच्या फोनवर दोन्ही गटांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतील तर एका ग्रुपमधलं दुसरीकडे पाठवू नकोस, अगदी चांगलं असलं तरी. आज चांगलं पाठवलंस की उद्या म्हणतील, 'मग तेही पाठव ना.'

"ती माझ्याबद्दल काय म्हणाली?" असं कोणी विचारलं की म्हणायचं, "तिलाच विचार." पहिल्या दोन वेळा राग येईल त्यांना. तिसऱ्या वेळेला विचारणं बंद होतं. मला हे शाई सांडल्यावर कळलं, तुला आधीच सांगतेय. आणि "तू कोणाकडून?" याला "मी दोघींची मैत्रीण आहे, भांडण तुमचं आहे" एवढं बास. हे दोघींना सारख्याच शब्दांत सांग. एकीला लाडीगोडी आणि दुसरीला कोरडं, असं केलंस तर पोरींना बरोबर कळतं.

याची किंमतही आहे, ती लपवत नाही. काही गोष्टी दोन्ही गट तुझ्यापासून चोरून ठेवतील. कोणाच्या तरी वाढदिवसाला तुला बोलावणार नाहीत. त्याचं वाईट वाटेल, वाटू दे. मधल्या माणसाला दोन्हीकडचं थोडं थोडं कमीच मिळतं.

एका बाबतीत मात्र मधे उभी राहू नकोस. एक गट मिळून एकाच मुलीला रोज रडवत असेल, तिची भाषा, जात, धर्म, रंग, अंगाचं काही यावरून चिडवत असेल, मारत किंवा धमकावत असेल, तर ती कट्टी नाही, तो छळ आहे. तिथे "भांडण तुमचं आहे" चालत नाही. वर्गशिक्षिकेला सांग, आईला सांग. चुगली नाही ती. घरी-शाळेत कोणी ऐकलंच नाही तर मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, पैसे लागत नाहीत. आमच्या दप्तरातल्या शाईच्या वेळी कोणीतरी लगेच बाईंना सांगायला हवं होतं. ती कोणीतरी मीच, हेही तेव्हा सुचलं नाही.

आता राहिला बसमधल्या जागेचा प्रश्न. नळदुर्ग काही लांब नाही, तासाभराचा रस्ता. जाताना एकीशेजारी बस, येताना दुसरीशेजारी. पण हे बसमध्ये चढताना ठरवू नकोस. आदल्या दिवशी दोघींना वेगवेगळं गाठून सांगून टाक, आणि दोघींना सगळंच सांग, जाताना कोण आणि येताना कोण तेही. एकीने "मग मला नकोच तू" म्हटलं तर ऐकून घे, दुसऱ्या दिवशी तीच जागा धरून ठेवेल बहुतेक. दोघींनीही म्हटलं तर पुढच्या सीटवर बाईंशेजारी जागा असते, तिथून रस्ता चांगला दिसतो आणि उलटीही होत नाही.