वीजबचतीची चाचणी: आकडे कोणाचे, पैसे कोणाचे?

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, ५०० किलोची इंडक्शन (विजेवर धातू वितळवणारी) भट्टी. नवे झाकण आणि इन्सुलेशन घेतले तर ८ टक्के वीज वाचेल असे पुरवठादार सांगतो, आणि 'आधी बसवून तर बघा' म्हणतो. बघायचे म्हणजे नेमके काय करायचे? आणि खर्च कोणाचा? – वाचक, कोल्हापूर

बसवण्याआधी मोजायला लागा. झाकण एकदा बसले की 'पूर्वी किती लागत होते' याचा पुरावा परत मिळत नाही, आणि मग वाद फक्त आवाजाच्या जोरावर मिटतो.

महावितरणच्या बिलावरून हे ठरणार नाही. त्यात कंप्रेसर, ग्राइंडर, सँड प्लँट सगळेच येते. भट्टीच्या पॅनेलला वेगळा ०.५ क्लासचा (अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेचा) मीटर लावा आणि प्रत्येक हीटचे (धातू वितळवण्याच्या एका फेरीचे) युनिट, ओतलेल्या धातूचे वजन, टॅपिंगचे (भट्टीतून धातू काढतानाचे) तापमान आणि मोल्ड तयार नसल्याने धातू धरून ठेवलेली मिनिटे वहीत लिहा. मीटरवरचा सीटी रेशो (करंट ट्रान्सफॉर्मर प्रवाह किती पटीने कमी करून मीटरला देतो ते प्रमाण) आणि सीटींची दिशा तपासून घ्या. एका फेजचा सीटी उलटा बसला तर समतोल लोडवर मीटर खऱ्या खपाच्या एक तृतीयांशच दाखवतो. ही चूक आपण समजतो त्यापेक्षा जास्त ठिकाणी सापडते.

तापमान का लिहायचे? टॅपिंग ५० अंश जास्त गरम केले तर द्रव लोखंडाला टनामागे ११-१२ युनिट तत्त्वतःच जादा लागतात, प्रत्यक्षात त्याहून अधिक. चाचणीच्या महिन्यात जास्त गरम धातू लागणारे पातळ भिंतीचे कास्टिंग जास्त आले, तर झाकणाने वाचवलेले तिथेच खर्च होईल आणि दोष झाकणावर जाईल. दिवसाची पहिली थंड हीट आणि नव्या लायनिंगची (भट्टीच्या आतल्या अस्तराची) सिंटरिंग हीट, म्हणजे अस्तर भाजून पक्के करणारी पहिली फेरी, हिशेबातून वगळा. झाकणाआधीच्या आणि नंतरच्या हीटची तुलना लायनिंगच्या सारख्या वयात करा.

किती हीट पुरेत? समजा सरासरी टनामागे ६२० युनिट आहे आणि हीटगणिक ४० युनिटांचा चढउतार (प्रमाण विचलन) आहे. आधीच्या १० आणि नंतरच्या १० हीट घेतल्या, तर फरक ३६ युनिटांहून मोठा असेल तरच तो विश्वासाने दिसतो. ३०-३० घेतल्या तर सुमारे २१ युनिटांचा फरकही दिसतो. ८ टक्के म्हणजे ५० युनिट, म्हणून ३०-३० हीट चालतील. कोणी ३ टक्क्यांचा दावा केला तर एवढ्यावर काहीच सिद्ध होणार नाही. पुरवठादाराने दोन-चार हीट घेऊन 'बघा, १२ टक्के!' म्हटले तर वही मिटवा.

आता पैसे. मीटर तुम्हीच घ्या. तो तुमच्याकडेच राहतो आणि आकडेही तुमचे राहतात. झाकणाच्या किमतीचा काही भाग आधी द्या आणि उरलेला ३० हीटनंतरच्या निकालाशी बांधा. करारात बचतीचे सूत्र, वगळायच्या हीट, तापमानाची दुरुस्ती आणि बचत कमी आली तर पैसे किती कापायचे, हे आधीच लिहा. मोठ्या खर्चाचे काम असेल तर केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची 'अदिती' योजना पाहा. ती जुलै २०२५मध्ये सुरू झाली. ऊर्जा कार्यक्षम यंत्रासाठी कर्ज काढल्यास सूक्ष्म व लघु उद्योगांना व्याजदरात ५ टक्के अंकांची, मध्यमांना ३ टक्के अंकांची सवलत मिळते. बचत किमान १० टक्के दाखवावी लागते, त्यामुळे नुसते झाकण तिच्यात बसत नाही. लक्षात घ्या, ही व्याजाची सवलत आहे. फसलेल्या चाचणीची भरपाई तिच्यातून मिळत नाही.

३७ किलोवॅटच्या स्क्रू कंप्रेसरला व्हीएफडी (मोटारीचा वेग गरजेनुसार बदलणारा ड्राइव्ह) बसवला. बिल जैसे थे, किंबहुना थोडे वाढलेच. ड्राइव्ह खराब असेल का? – वाचक, भोसरी

बहुधा ड्राइव्ह ठीक आहे, निवड चुकली. कंप्रेसर सतत पूर्ण लोडवर चालत असेल तर ड्राइव्हच्या स्वतःच्या २-४ टक्के नुकसानाची त्यात भरच पडते. व्हीएफडीचा फायदा मागणी वरखाली होते तिथेच.

सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून कंप्रेसर चालवा, पण ड्राइव्हचा बदलता वेग बंद करून लोड-अनलोड पद्धतीवर (लोडमध्ये हवा भरते, अनलोडमध्ये मोटार नुसती फिरते). लोडचा वेळ आणि अनलोडचा वेळ घड्याळाने टिपा. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागले की गळतीचा वाटा निघतो. लोड ९० सेकंद आणि अनलोड २१० असेल, तर कंप्रेसरच्या क्षमतेच्या तीन दशांश हवा भोकांतून जाते. आधी ती बुजवा. मग दाब पाहा, कारण १ बारने कमी केला की ६-७ टक्के वीज वाचते. या दोन्हींसाठी ड्राइव्ह लागत नाही.

आम्ही भट्टीच्या धुरातील उष्णता परत मिळवणारे यंत्र बनवले आहे. कारखानदार चाचणीला जागा देत नाहीत. निधी कुठे मिळेल? – वाचक, चिंचवड

कारखानदाराची भीती पैशांची कमी आणि उत्पादन थांबण्याची जास्त असते. म्हणून यंत्राला बायपास डँपर (धूर यंत्राला वळसा घालून सोडणारी झडप) द्या, म्हणजे राखेने नळ्या बुजल्या तरी भट्टी चालू राहील. चाचणी इंधनात गंधक असलेल्या भट्टीवर असेल, तर धूर फार थंड करू नका. १५० अंशांच्या खाली आम्ल साठून नळ्या खातात. यंत्र पहिल्या पावसाळ्यात मेले, तर पुढचा कारखानदार शोधणे अवघड.

देशी तंत्रज्ञान बाजारात आणण्यासाठी केंद्र सरकारचे टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड प्रकल्प खर्चाच्या निम्म्यापर्यंत कर्ज ५ टक्के सरळव्याजाने देते. उरलेले निम्मे तुमचे किंवा भागीदाराचे. पण बोर्डाकडे कागद नेताना एका तरी ठिकाणचे मोजमाप हातात हवे.

जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने स्विस मदतीतून १९९८मध्ये हावड्यातील एका फाउंड्रीत डिव्हायडेड ब्लास्ट क्युपोला (कोकवर लोखंड वितळवणारी उभी भट्टी) उभारला. त्यात हवा सोडण्याच्या छिद्रांची दुसरी ओळ पहिलीच्या सुमारे मीटरभर वर असते, त्यामुळे कोक कमी लागतो. पहिल्या चाचणीचा धोका तिथे मदतनिधीने उचलला. तुमच्याकडे तशी मदत नसेल, तर कारखानदाराला लेखी द्या: बसवणे-काढणे तुमच्या खर्चाने, ठरलेल्या सुट्टीच्या दिवशीच बसवणी, आणि सहा महिन्यांत बचत ठरलेल्या आकड्याखाली राहिली तर यंत्र तुम्ही परत न्याल. बचत झाली तर तिचा वाटा ठरावीक महिने तुमचा, मग यंत्र त्याचे. इंधन तोलण्याचा काटा मात्र दोघांसमोर तपासून घ्या. ओला कोळसा असेल तर ओलाव्याचा नमुनाही रोज ठेवा.