दांडीवरचे गिअर बदलावेत का?

प्रश्न : माझ्याकडे काकांची जुनी, पोलादी सांगाड्याची रेसर सायकल आहे. मागच्या चाकावर सहा दातेरी चक्रे असून गिअरचे दोन्ही लिव्हर खालच्या तिरप्या दांडीवर आहेत. रविवारी दौलताबादमार्गे खुलताबादचा घाट चढताना गिअर बदलायला हँडलवरून हात काढावा लागतो, आणि कधी कधी गिअर आपोआप सुटतो. ब्रेकमध्येच गिअर असलेले नवे लिव्हर बसवावेत का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांपैकी दुसरी जवळजवळ फुकटात मिटेल. जुन्या लिव्हरला खटके नसतात, तो केवळ घर्षणाने जागेवर अडून राहतो. त्याच्या मधोमध असलेला स्क्रू सैल झाला, की मागच्या डिरेलरची (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) स्प्रिंग वायर ओढून घेते आणि ऐन चढावर साखळी लहान चक्रावर उतरते. तो स्क्रू अर्धा फेरा आवळून पाहावा आणि गंजलेली वायर आवरणासह बदलावी.

हात सोडावा लागण्याची अडचण मात्र खरी आहे. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले ते तेवढ्याचसाठी. पण खटक्याच्या लिव्हरचा प्रत्येक खटका ठरावीक लांबीचीच वायर ओढतो, त्यामुळे डिरेलर आणि चक्रांमधले अंतर त्याच्याशी जुळावेच लागते. जुन्या लिव्हरला असली जुळणी लागत नाही. साखळी खरखरली, तर बोटाने केसभर मागेपुढे केले की भागते. शिवाय नव्या लिव्हरच्या आतले वंगण वर्षानुवर्षांत घट्ट होऊन खटके लागेनासे होतात, तर दांडीवरच्या लिव्हरमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच.

बदलायचेच असेल, तर आधी मागचे चाक काढून ते चाक जिथे बसते त्या चिमट्याच्या आतले अंतर मोजावे. ते १२६ मिलिमीटर भरले, तर आठ किंवा अधिक चक्रांच्या १३० मिलिमीटरच्या चाकासाठी सांगाडा फाकवावा लागेल. पोलाद ते सोसते, तरी हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. त्यापेक्षा सात चक्रांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावर बसणारा दातेरी चक्रांचा संच), शिमानोच्या टूर्नी मालिकेतले सात खटक्यांचे लिव्हर आणि त्यांना जुळणारा डिरेलर हा मार्ग मला बरा वाटतो, कारण त्यात सांगाड्याला हात लावावा लागत नाही. दांडीवरच्या जुन्या लिव्हरच्या जागी वायर ताणण्याचे स्क्रू तेवढे बसवावे लागतात. मी आपल्या जागी असतो, तर चढ हलका जावा म्हणून आधी अठ्ठावीस दात्यांच्या मोठ्या चक्राचे, पण सहा चक्रांचेच फ्रीव्हील घेतले असते आणि चढ लागण्यापूर्वी, पायावर जोर येण्याआधीच, गिअर बदलून घेतला असता.