बोलण्याच्या व्हॉल्व्हमधून चहा गळतो, म्हणून भोक बुजवायची घाई नको

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं स्वरयंत्र मिरजेत काढलं, त्याच ऑपरेशनमध्ये बोलण्याचा व्हॉल्व्ह बसवला. चार महिने नीट बोलले. आता चहा पिताना ठसका लागतो, आवाज ओढून येतो. घरचे म्हणतात, व्हॉल्व्हचं भोक बुजवूनच टाका.

इतक्यात नको. आधी गळती व्हॉल्व्हच्या आतून होते की कडेने, हे पाहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या पडद्याला भोक पाडून त्यात हा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बसवतात. ब्लोम आणि सिंगर यांनी ही पद्धत १९८० मध्ये मांडली. अंगठ्याने स्टोमा, म्हणजे गळ्यावरचं श्वास घ्यायचं छिद्र, झाकला की फुफ्फुसातली हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते आणि तिथली भिंत थरथरून आवाज होतो. एरवी झडप मिटलेली असते, म्हणून अन्नपाणी श्वासनलिकेत येत नाही.

तपासणी: आधी ब्रशने व्हॉल्व्ह साफ करा, कारण कित्येकदा झडपेत भाताचं शीत अडकलेलं असतं आणि तेवढं निघालं की गळती थांबते. मग स्टोमात टॉर्च मारा आणि खाण्याचा निळा रंग घातलेल्या पाण्याचा एकच छोटा घोट द्या. निळा थेंब मधल्या छिद्रातून येतो की कडेने, ते दिसतं.

मधून येत असेल तर झडप खराब झाली आहे. बहुतेक वेळा तिच्यावर कॅन्डिडा बुरशीचा थर चढतो आणि ती पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्ह साधारण ३ ते ६ महिने टिकतो, म्हणजे चार महिन्यांनी बदलावा लागणं यात बिघडलं काहीच नाही. ओपीडीत, बहुधा भूल न देता, काही मिनिटांत बदलतात. महिन्या-दीड महिन्यात पुन्हा गळू लागला, तर मधुमेह, आम्लपित्त आणि बुरशीचं औषध याबद्दल डॉक्टरांना विचारा.

कडेने येत असेल तर मला पहिली शंका लांबीची येते. ऑपरेशननंतर पडदा सुजलेला असतो, तेव्हा ८ किंवा १० मिमीचा व्हॉल्व्ह बसतो. सूज उतरली की तोच सैल होतो, गिळताना मागेपुढे सरकतो आणि भोक मोठं करतो. इथे आखूड व्हॉल्व्ह लागतो. ‘जाड टाका, भोक भरेल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, जाडीने भोक आणखी ताणलं जातं. पण फार आखूडही नको, त्याच्या कडा मांसात रुततात. माप बरोबर असूनही गळती राहिली तर रेडिएशनचा परिणाम, थायरॉइड, कुपोषण आणि कॅन्सरची गाठ परत आली का, हे तपासावंच लागतं. मग कडेला सिलिकॉनची चकती, व्हॉल्व्ह काही दिवस काढून भोक आकसू देणं किंवा टाके असे उपाय असतात. कायमचं बुजवणं अगदी शेवटी.

ओढून येणाऱ्या आवाजासाठी आधी अंगठा हलका ठेवून पाहा. जोराने दाबलं की आवाज कोंडतो. तरी सुटला नाही, तर गळ्याचा स्नायू आवळत असेल. त्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन देतात.

व्हॉल्व्ह निसटला तर भोक काही तासांतच आकसायला लागतं. शिकवलेलं असेल तर स्वच्छ कॅथेटर घालून चिकटपट्टी लावा आणि लगेच दवाखाना गाठा. निसटलेला व्हॉल्व्ह सापडला नाही तर छातीचा एक्स-रे टाळू नका, तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

आपल्या सांगली-मिरज भागात आणखी दोन गोष्टी. हळदीच्या गोदामात किंवा मिरवणुकीच्या गुलालात स्टोमावर कापड किंवा फिल्टर हवाच. आणि कृष्णेचं पाणी घराकडे चढू लागलं की वडिलांना सर्वांत आधी हलवा. पाणी गळ्याला लागलं की थेट फुफ्फुसात जातं, तोंड वर असून उपयोग नाही. अँब्युलन्सवाल्यालाही सांगा, ऑक्सिजनचा मास्क नाकाला नव्हे, गळ्याला लावायचा.

मिरजेला जाताना व्हॉल्व्हचं कार्ड न्या. त्यावर कंपनी, जाडी आणि लांबी लिहिलेली असते. आणि नवीन व्हॉल्व्हची किंमत आधी विचारा. परदेशी व्हॉल्व्ह हजारोंच्या घरात जातो. बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी बनवलेला स्वस्त ‘ओम’ व्हॉल्व्ह वडिलांना चालेल का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.