वाचकांचे प्रश्न : पेशी घट्ट जुळल्या, पण मेद बदलले का नाहीत?

प्रश्न : कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एमडीसीके पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये दोन दिवस वाढवून मेद काढले. पेशीपटलातल्या मेदांपैकी स्फिंगोमायलिन भरपूर, ग्लायकोस्फिंगोलिपिड (साखर जोडलेले मेद) जेमतेम. पक्व अभिस्तरात (अवयवाला अस्तर देणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या थरात) उलट असतं ना?

उत्तर : असतं, पण तुमच्या पेशी पक्व झाल्याच नव्हत्या. सुट्या, पसरलेल्या पेशींत स्फिंगोमायलिन जास्तच सापडतं. शेजारणी भिडून वरची-खालची बाजू ठरली की त्याची जागा ग्लायकोस्फिंगोलिपिड घेतात, त्यांतला फॉर्समन नावाचा तर ठळकपणे. मेदसाखळ्याही लांब आणि संपृक्त होतात.

0.4 मायक्रॉन छिद्रांच्या इन्सर्टवर (डिशमध्ये बसणाऱ्या, सच्छिद्र तळाच्या कपावर) दाट पेरणी करा, माध्यम वर आणि खाली दोन्हीकडे ठेवा, चार-पाच दिवस थांबा. कॅल्शियम सुमारे 1.8 मिलिमोलर हवं. ते फार उतरलं तर पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिन प्रथिनाची पकडच बसत नाही. मग थर किती घट्ट जुळला हे कळायला त्याचा विद्युतरोध मोजा. समजा वाचन 220 ओहम, रिकाम्या इन्सर्टचं 120. फरक 100, गुणिले इन्सर्टचं क्षेत्रफळ 1.12 चौरस सेंमी : 112 ओहम-चौरस सेंमी. इथे बरेच जण गुणण्याऐवजी भागतात! एमडीसीकेचे दोन प्रकार आहेत; दुसऱ्या प्रकाराला एवढा रोध ठीकच. पहिल्या प्रकारात तो हजारांत जातो.

चकाकणारा मेद घालून बघणार असाल तर एक सांगतो : टाइट जंक्शन, म्हणजे शेजारच्या पेशींमधला घट्ट सांधा, पेशीपटलाच्या दोन थरांपैकी फक्त बाहेरच्या थरातले मेद अडवतं. रेणू उलटून आतल्या थरात गेला की बिनदिक्कत पलीकडच्या बाजूला पोचतो, आणि जंक्शन गळतंय असा उगाच संशय येतो.